काचमहाराजांच्या अंगठीची रेघ

वाघोलीतल्या सोसायटीचं क्लबहाउस गच्च भरलं होतं. पुढे काचमहाराज. घंटेच्या गजरात ते काचेच्या पट्टीला हळद फासत, ती दोन विटांवर आडवी ठेवत आणि वर पाण्याने भरलेला कलश टेकवत. पट्टी टिकली तर मुलगी लक्ष्मी, तुटली तर सासऱ्याच्या जिवावर उठणारी. यावर लग्नं ठरत होती, मोडत होती. मोडणारे सगळे शिकलेले, लिफ्टने वर-खाली करणारे!

"शेफाली!" महाराज गरजले. पट्टी टिकली. टाळ्या. शेफालीच्या वडिलांनीच महाराजांना आणलं होतं.

"निकिता!" कलश टेकला आणि ताडकन् काच तुटली.

होणाऱ्या सासूबाई, मुक्ताबाई, मटकन खाली बसल्या. "पोरगी गुणाची हाय, पर काच कुठं खोटं बोलती? शांती केल्याबिगर लगीन न्हाई."

निकिताने होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. रणजित, आयटीतला इंजिनिअर, बुटांकडे बघत होता.

निकिताचं रोजचं कामच हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती ठिसूळ पट्ट्यांना मुद्दाम खाच पाडायची, त्या वाकवायची आणि किती जोर लावला की खाचेतून तडा सुटतो ते मोजायची. तिने तुकडा उचलला. कड अगदी सरळ, आखून तोडल्यासारखी.

"अहो महाराज, ती हळद फासून ठेवलेली पुढची पट्टी द्या जरा."

"हात लावू नकोस! काच कोपेल!"

"कोपू द्या. माझं लग्न आधीच मोडलंय."

तिने ओढणीने हळद पुसली, पट्टीवर नख फिरवलं. मधोमध एका बारीक रेघेत नख अडकलं.

"ही तुमच्या नावाने लावू." रेघ वर ठेवून तिने कलश टेकवला. पट्टी टिकली. "अभिनंदन. महाराज लक्ष्मी आहेत!"

लोक हसले. तिने तीच पट्टी उलटी केली. ताड्!

"आणि आता सासऱ्याच्या जिवावर उठले. अंगठीतला हिरा बघा यांच्या. हळद फासताना रेघ ओढतात. वजनाने पट्टीची खालची बाजू ताणली जाते. रेघ खाली असली की उघडते आणि तडा धावतो. वर असली की दाबली जाऊन मिटते. ज्या घरातून शांतीचे पैसे उकळायचे, त्या मुलीची रेघ खाली!"

महाराज चपला शोधू लागले. मुक्ताबाईंनी त्या आधीच उचलल्या होत्या, फेकून मारायला.

रणजित पुढे आला. "सॉरी यार. आता क्लिअर झालं ना? डेट तीच ठेवू."

"तुला क्लिअर व्हायला माझ्या नावाची काच फुटावी लागली?" निकिताने साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "चल, निघ."

लोकहो, पट्टी उलटी करून बघायला पदवी लागत नाही. हात लागतो. कुणापुढे जोडण्याआधी तो एकदा काचेला लावून बघा.