धोंडुबाईची पाळी

माझ्या माहेरच्या गावचे मानसिंगकाका परवा बाजाराला म्हणून सांगलीला आले, ते आमच्याकडेही डोकावले. माझ्या सासऱ्यांसमोर ऐसपैस बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "तुमच्या सुनंचा, विजयमालेचा आजा, आमचा नाथाजीआप्पा, लय देवमाणूस. मयतीला समदा गाव लोटला हुता."

समदा गाव! हातातला तांब्या तिथेच आपटावा असं मला वाटलं. सासरचं घर, म्हणून तोंड मिटून आत गेले. पण पोटात ठेवून किती ठेवायचं? सांगूनच टाकते. आणि सांगताना त्या मानसिंगाला अहोजाहो माझ्याने होणार नाही.

आजा कोरेगावजवळच्या आमच्या गावाचा पाटकरी होता. ओढ्यावरच्या बंधाऱ्यापासून दीड कोसाचा पाट आणि त्याखाली बारा घरांची शेतं. दर घराला बारा दिवसांनी एक दिवस पाणी. कुणाची पाळी कधी, हे सगळं आज्याच्या डोक्यात. पाटात अनवाणी चालायचा. पायाला पाण्याची ओढ वेगळी लागली की थांबायचा, हात घालायचा आणि खेकड्याचं बीळ नेमकं शोधून चिखलाने बुजवायचा. मी लहानपणापासून त्याच्या मागून हिंडले, म्हणून मलाही थोडंफार कळायचं. घरात तो कधी झोपलाच नाही. "छपराखाली जीव कोंडतोय गं," म्हणायचा आणि घोंगडं उचलून पाटावर जायचा. आजी बनुबाई म्हणायची, माझं लग्न माणसाशी झालं का ओढ्याशी, देव जाणे.

सेहेचाळीस सालच्या माघात तो गेला. पहाटे उठून त्याने धोंडुबाईच्या शेताचं दारं मोडलं, म्हणजे बांधाची माती काढून पाटाचं पाणी तिच्या गव्हात सोडलं. मग घोंगडं पसरून बांधावरच आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही.

धोंडुबाई एकटी विधवा, अर्धा एकर गहू. गहू चिकात आला होता. त्या वेळी पाणी चुकलं की दाणा पोचट राहतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. तरी आज्याची बातमी ऐकून ती वाहतं पाणी तसंच सोडून आली आणि आजीला कवेत घेऊन बसली. आज्याचं मढं घरात असताना पाण्याला कोण हात लावतोय, असं तिला वाटलं. मलाही तेच वाटलं असतं.

दुपारी तिरडी उचलली. बाप्येमाणसं ओढ्याकडे गेली आणि घरात आम्ही बायका उरलो. मी परसात चूळ भरायला गेले. पाट आमच्या परसामागूनच धोंडुबाईकडे जातो. बघते तर पाटाच्या तळाशी नुसता ओला गाळ.

मला एकदम कळलं, वर कुणीतरी पाणी अडवलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात म्हणून ऐकलं होतं, त्या दिवशी बघितलं. धोंडुबाई माझा हात धरून म्हणाली, "जाऊ दे पोरी, आज न्हाई. गहू काय, पुन्यांदा यील." तिचं हे ऐकून तर मी जास्तच पेटले. दारामागचं आज्याचं खोरं उचललं आणि पाटाच्या वरच्या अंगाला निघाले.

मानसिंग आपल्या उसाच्या कडेला धोतर खोचून उभा होता. पाट आडवा बांधून सगळं पाणी उसात घेतलेलं. मयतीला लोटलेला समदा गाव तो हा!

"पाळी कुणाची हाय, काका?"

"पाळी कसली आता? आप्पा गेले. आता पंच ठरीवतील तसं." मग माझ्या हातातल्या खोऱ्याकडे बघून त्याने आवाज चढवला. "आनि तू सुतकात हितं कशी आलीस गं? सुतकी हात पाण्याला लागला तर पीक बाटतंय. जा घरला."

"माझा बा लढाईत गेल्याची तार सकाळी आली, तवा आज्यानं दुपारी दारं धरलं. कुणाच्या उसाला? तुमच्याच. तवा ऊस बाटला न्हाई व्हय?"

मी वाकले आणि त्याने घातलेला बांध फोडायला लागले. तो खोरं हिसकायला दोन पावलं आला आणि थबकला. सुतकाचं त्यानेच काढलं होतं. माझ्या हाताला हात लागला असता, तर आंघोळ केल्याशिवाय त्याला स्वतःच्या उसात पाय टाकता येणार नव्हता. तो नुसता तोंडाने ओरडत राहिला आणि मी त्याचं दारं चिखलाने बुजवून पाणी खाली सोडलं. हाताला फोड आले, आले तर आले.

तेवढ्यात आज्याला अग्नी देऊन माणसं बांधावरून परतली. मानसिंग त्यांच्याकडे धावला. चोराच्या उलट्या बोंबा! "बघा, आप्पाची चिता अजून पेटलेली हाय आनि ही पोरगी पाण्यावरनं भांडतीया!"

पंचातले आकारामतात्या पुढे आले. त्यांनी पाटाकडे बघितलं, उसातल्या ओल्या सऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज कुणाची पाळी?"

"धोंडुबाईची. आज्यानं मरताना सोडल्याली."

"आनि उद्या?"

मला ठाऊक होतं. पण वाटलं, खोटं बोलावं, दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं. कुणाला कळणार होतं?

"उद्या मानसिंगकाकांची."

माणूस जळत होता तेवढा एक दिवसही या माणसाला थांबवलं नव्हतं! उद्याचं पाणी त्याचंच होतं, आणि हे त्यालाही पक्कं माहीत होतं. तो मातीकडे बघत म्हणाला, "मला वाटलं, आप्पा न्हाईत, आता मला कोण देतंय."

चाळीस वर्षं आज्याने त्याचं पाणी एकदाही चुकवलं नव्हतं. त्याचा भरवसा असा, चिता विझायच्या आत संपला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी खोरं घेऊन गेले आणि त्याच्या उसाचं दारं माझ्या सुतकी हातांनी मोडलं. तो बांधावर उभा होता. नको म्हणाला नाही.