तुकड्याची संमती

कुमुदच्या फुप्फुसातून तपासणीसाठी काढलेला तुकडा प्रयोगशाळेत बोलायला लागला, आणि तेव्हापासून डॉक्टरांनी तिला काही विचारणंच सोडून दिलं.

"अगदी तुमच्याच आवाजात बोलतो," डॉ. निंबर्गी म्हणाले. त्यांना यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. "पेशंट घाबरून काहीबाही सांगतात. तुकड्याचं तसं नसतं."

कुमुद मिरजेत मुलींना गाणं शिकवायची. जन्मात कधी तंबाखूला शिवली नव्हती, तरी खोकला लागला तो सुटलाच नाही. "काय म्हणतो तो?" तिनं विचारलं. आवाज जरा कमीच निघाला.

"अजून थोडा भाग काढा म्हणतो. एवढ्याशातून जनुकं नीट वाचता येत नाहीत."

पुन्हा सुई घातली. नवा तुकडा बरणीत पडताच जुन्याला जाऊन चिकटला. कुमुदचा आवाज निम्म्यावर आला आणि खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत बरणीतून भूप ऐकू यायला लागला.

तिचा नवरा भालचंद्र आधी दिवसभर खाटेशी बसून असायचा. रिपोर्टची चौकशी करायला म्हणून तो खाली जाऊ लागला, मग जेवणाचा डबाही तिकडेच नेऊ लागला. परत येई तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला असे.

"काय गाते गं! लग्नाआधी तू गायचीस ना, तस्सं. एकदासुद्धा ठसका नाही."

बरणीतल्या तुकड्याला तो आता 'ती' म्हणत होता.

"अहो, तो माझा रोग आहे," कुमुद कुजबुजली.

"असं बोलू नये. तिला ऐकू जातं."

तिसऱ्यांदा सुई घातल्यावर कुमुदचा उरलासुरला आवाजही गेला. ओठ हलायचे, छातीत नुसती शिट्टी वाजायची. नवऱ्याला बोलवायचं तर ती बांगड्या खाटेच्या दांडीवर आपटायची. नर्सनं येऊन त्या काढून घेतल्या. "खाली रियाज चालू असतो, मावशी," ती म्हणाली.

मग रिपोर्ट आला. डॉक्टर स्वतः बरणी घेऊन वर आले. आता ती लोणच्याच्या बरणीएवढी मोठी झाली होती. त्यांनी ती कुमुदच्या उशाशी ठेवली.

"चांगली बातमी आहे. जनुकातला दोष नेमका सापडला. त्यावर गोळी आहे, रोज एक घ्यायची. खोकला जाईल, दम लागायचा नाही. पुष्कळांना चांगली वर्षं मिळतात."

कुमुदनं हात जोडले. डोळ्यांना धार लागली.

"फक्त, गोळी सुरू झाली की हा आक्रसत जाणार. त्यामुळे संमती लागते."

कुमुद जोरजोरात होकाराची मान हलवू लागली. डॉक्टरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते बरणीवर वाकले. "काय म्हणता?"

"नको," बरणीतून कुमुदचा आवाज आला. "मला जगायचंय."

कुमुदचे ओठही त्याच वेळी 'मला जगायचंय' असंच म्हणत होते.

"पेशंटचा नकार आहे," डॉक्टर सरळ होत म्हणाले. "बाकी घरच्यांनी काय ते ठरवा." भालचंद्राच्या तळहातावर एक गुलाबी गोळी ठेवून ते निघून गेले.

भालचंद्र खाटेवर बसला. मग कुमुदच्या मानेखाली हात घालून त्यानं तिला उचललं. ती किती हलकी झाली होती, हे त्याला आत्ता कळलं. तिनं तोंड उघडलं. त्यानं गोळी ओठांपर्यंत नेली.

"अहो," बरणी म्हणाली.

तो थांबला.

"ऐका ना. आज तुमच्या आवडीचं गाते."

यमनचे सूर लागले. पहिला निषाद इतका स्वच्छ आला की भालचंद्राची मान आपसूक तिकडे वळली. चिमटीतली गोळी घामानं विरघळू लागली. गुलाबी ओघळ बोटांवरून मनगटाकडे निघाला, आणि कुमुदनं होता नव्हता तेवढा जोर लावून मान ताणली आणि जीभ बाहेर काढली.