वाइडलेच्या भिंतीवरची बाई

तिसऱ्यांदा पाठ फिरवली मेल्यानं. जिन्यात समोरासमोर आलं की माणूस निदान खोकतो तरी. हा वाइडले म्हातारा उमाबाईंना पाहून अर्ध्या पायरीवरून मागे वळला, घरात शिरला आणि आतून कडी अशी घातली की तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जावा. मिरजेत उमाबाईंनी चार जावा, दोन नणंदा आणि एक खाष्ट सासू पचवली होती. पण त्यांतल्या कुणी कधी पाठ दाखवली नव्हती. भांडायचं ते तोंडावर.

"घरमालक झाला म्हणून काय झालं?" स्वयंपाकघरात येऊन त्या सुनेला म्हणाल्या. "फुकट राहतो का आपण? मी त्याच्या दारात थुंकले, का त्याचं काही उचलून आणलं?"

"आई, तुम्ही त्याच्या चित्राला हार घातलात," वसुधा म्हणाली.

"हारच घातला ना? चपलांचा तर नव्हता!"

वसुधेनं भाजी ढवळायला घेतली. सासूच्या या असल्या बोलण्यावर वाद घालायचा नसतो, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

उमाबाईंना स्टुटगार्टला येऊन सहा महिने होत आले होते. श्रीरंग सकाळी सहाच्या बसनं झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात जाई. वसुधा साडेसातला विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मग संध्याकाळपर्यंत घरात उमाबाई आणि चार भिंती. मिरजेत भाजीवाली दारात आली तरी तिच्याशी अर्धा तास जायचा. इथं भाजी दुकानात गप्प बसलेली आणि दुकानदारीणही गप्प. सांगायचं म्हणजे, पहिल्या महिन्यात एकदा उमाबाईंनी घरातल्या पितळी डब्याशी बोलून पाहिलं आणि आपल्याच आवाजाला दचकल्या. त्या दिवशी त्यांनी लेकाला बजावलं, "मला परत पाठव. इथं मी बोलायचंच विसरून जाईन."

त्यानंतर मे महिन्यात खालच्या वाइडलेनं दार उघडलं, आणि परत जाण्याची भाषा उमाबाईंनी पुन्हा काढली नाही.

झालं असं, की या गावात जिना झाडायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी अडकवून जातात. या पाळीला केरवोखे म्हणतात, आणि केर इथवर कसा येऊन पोचला याचं उमाबाईंना पहिले दोन दिवस मोठं हसू आलं. पाळी सुनेची, पण झाडायच्या उमाबाई. त्यांचं झाडणं म्हणजे पायरीच्या कोपऱ्यातली माती सुद्धा काडीनं काढायची. वाइडले जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. त्यानं दारात उभं राहून ती काडी पाहिली आणि मान लववून आत यायची खूण केली.

आत भिंतीवर नऊ चित्रं होती. सगळी पाटीएवढी, एखादं तर हातात मावेल असं. लाल झग्यातले पाद्री कागदावर सही करताहेत, एक बैलांशी झुंजणारा गडी पाण्याचा माठ तोंडाला लावतोय, जुन्या सामानाच्या दुकानात तीन म्हातारे एका तलवारीवर वाकलेत. वाइडलेनं आपलं डोळ्याला लावायचं भिंग काढून त्यांच्या हातात ठेवलं. उमाबाईंनी ते लावलं आणि एका बाईच्या शालीवर नेलं. त्यांचं माहेर कर्नाटकच्या शिवेवरचं. कशिद्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "हिचा एक टाका निसटलाय की!"

त्यांनी बोट दाखवलं. वाइडलेनं भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग खदखदून हसला. वीस-पंचवीस वर्षं ते चित्र त्याच्याकडे होतं, पण चिताऱ्यानं मुद्दाम काढलेला तो निसटलेला टाका त्याला दिसला नव्हता.

तेव्हापासून रोज चार वाजता उमाबाई खाली जात. तो कॉफी पिई, त्या आपल्या घरून नेलेल्या पेल्यातलं दूध. रोज एक चित्र. तो जर्मनमधून सांगे, त्या मराठीतून. दोघांनाही दुसऱ्याचं अक्षर कळत नसे आणि कुणाचं अडत नसे. पाद्र्यांच्या चित्रापुढे उमाबाईंनी सबंध आपल्या दिराच्या वाटणीची हकिगत सांगितली. मधे मधे तो "या, या" म्हणे, म्हणजे आपलं हो, हो. त्यातला एक "या" चुकून बरोबर जागी पडला, तेव्हा त्यांना भरून आलं.

एका रविवारी वसुधा बरोबर आली, तेव्हा खरी माहिती कळली. शंभर वर्षांपूर्वी स्पेनचे चितारी रोममध्ये, पॅरिसमध्ये बसून ही चित्रं काढत. साधी माणसं, साधे प्रसंग, पण काम असं बारीक की भिंग हवंच. राजेलोक भिंतीएवढी चित्रं घेत, ही शेटजी घेत. बैठकीत लावायची आणि पाहुण्याच्या हातात भिंग द्यायचं, हीच त्यांची श्रीमंती. पुढे फॅशन फिरली. जाणकार नाकं मुरडू लागले आणि दुकानदारांनी ती अडगळीत टाकली. तेव्हा याच्यासारख्याला परवडली.

"तो म्हणतो," वसुधेनं सांगितलं, "आयुष्यभर तांदळाच्या कणीएवढे स्क्रू बसवले, मला दुसरं कुठलं चित्र आवडणार?"

हे सगळं ठीक. पण मधोमध एक चित्र होतं, त्याच्याबद्दल तो कधी बोलला नाही. अंगणात खुर्चीवर बसलेली बाई, डोक्यावरून काळी जाळीदार ओढणी, हातात मिटलेला पंखा. आपल्याकडे पाहतेय, आणि आता काहीतरी बोलेल अशी. वाइडलेची खुर्ची नेमकी तिच्यासमोर. घरात दुसरं माणूस नाही. खुंटीवर बायकी कोट नाही, आणि ताटलीसुद्धा एकच.

उमाबाईंच्या हिशेबी यात विचारण्यासारखं काही नव्हतं. भिंतीवर माणसाची तसबीर लागते ती दोन कारणांनी. एक तर तो देव असतो, नाही तर गेलेला असतो. ही देव नव्हे. म्हणजे कोण ते उघड होतं.

ऑक्टोबर लागला आणि पंचांगात अविधवा नवमी आली. नवरा मागे ठेवून गेलेल्या सवाष्णीचं पान त्या दिवशी करतात. म्हाताऱ्याचं करणारं कोण आहे? उमाबाईंनी त्याच्याच बागेतले झेंडू तोडले, हार ओवला, खीर केली. वसुधेला सवाष्ण म्हणून जेवायला घालायचं ठरवून तिला लवकर यायला सांगितलं. चार वाजता खाली गेल्या. वाइडले पाव आणायला बाहेर गेलेला, दार नुसतं लोटलेलं. त्यांनी त्या बाईला हार घातला, खिरीची वाटी पुढे ठेवली, हात जोडले. "भाग्याची गं बाई," त्या पुटपुटल्या. "नवऱ्याच्या आधी गेलीस."

मागे पावाची पिशवी खाली पडली. वाइडले दारात उभा होता. उमाबाईंनी चित्राकडे हात करून त्यांना येत होता तो एकच जर्मन शब्द, बायको या अर्थाचा, मोठ्या आदरानं म्हटला, "फ्राउ."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं हात लांब करून दार दाखवलं.

तेव्हापासून ही पाठ. चार वाजायचे, खालून घड्याळांचे टोले ऐकू यायचे, आणि उमाबाई दुधाचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या राहायच्या. दूध निवून साय धरायची. माफी मागायची सवय त्यांना नव्हती, आणि कशाची मागायची हेही ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी त्या श्रीरंगला म्हणाल्या, "बोटीची चौकशी कर." एवढंच. तो काय ते समजला आणि जेवणावरून उठेपर्यंत मान वर केली नाही.

शनिवारी पाळी होती. उमाबाई वरपासून झाडत खाली आल्या. वाइडलेच्या दारासमोर त्यांनी जरा जास्तच वेळ काढला. दार उघडलं. वाइडलेनं वर पाहून हाक मारली, "फ्राउ डॉक्टर!" वसुधेला अजून पदवी मिळायची होती, पण तो तिला तसंच म्हणे. ती धावत खाली आली.

आत मधलं चित्र भिंतीकडे तोंड करून टांगलं होतं. वाइडले खुर्चीवर बसला आणि बोलू लागला. वसुधा थांबून थांबून मराठीत आणत होती.

"ती त्याची बायको नाही, आई. ती कोण होती कुणालाच माहीत नाही. चिताऱ्यानं समोर बसवलेली कुणीतरी. बायकोचं नाव क्लारा." ती थांबली. तो पुढे बोलला. "चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात बाँब पडायला लागले. चित्रं लहान, एका पेटीत मावली. टॉवेलांत गुंडाळून ती भावाच्या गावी ठेवायला गेला. क्लारा म्हणाली, मी घड्याळांचं दुकान सांभाळते, तू उद्या ये. आला तेव्हा गल्लीच नव्हती."

वाइडलेनं हातानं काहीतरी सपाट करून दाखवलं.

"फोटोंचा आल्बम खणात राहिला. म्हणतो, पेटीत त्याच्यापुरती जागा होती. मला सुचलं नाही."

उमाबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला. वाइडले आता वसुधेकडे नव्हे, त्यांच्याकडे पाहत होता.

"तुमच्यावर रागावलो नाही, म्हणतो. हार घातलेली ती पाहिली, आणि क्लाराचा चेहरा आठवायला गेलो तर हिचाच आला. चार दिवस आठवतोय. येत नाही. तुम्हाला पाहिलं की लाज वाटते."

खोलीत घड्याळं चालू होती. वसुधेला वाटलं, आता सासूबाई डोळ्याला पदर लावतील. उमाबाईंनी पदर खोचला.

"आई, मी काय सांगू त्याला?"

"तू नको सांगूस. तो माझं ऐकून घेतो." त्या खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या, भिंग देता-घेता बसायच्या तेवढ्याच अंतरावर, आणि सरळ मराठीत म्हणाल्या, "हे पाहा वाइडले, चित्रं वाचवलीत त्यात तुमचा गुन्हा नाही. आधी काय उचलावं हे घाईत कुणाला सुचतं? पण मे महिन्यापासून रोज मी इथं बसते. ते पाद्री दाखवलेत, तो पाणी पिणारा गडी दाखवलात, त्या तीन थेरड्यांची कुळकथा सांगितलीत, आणि घरच्या बाईचं नाव एकदा काढलं नाहीत. सतरा वर्षं झाली. ती काय खायची, कशाला हसायची, तुमच्यावर कशी ओरडायची, कुणाला तरी सांगायचं होतंत. मला सांगायचं होतंत, मला कुठं कळणार होतं? तोंड मिटून बसलात, म्हणून गेला तिचा चेहरा. चुकलात तुम्ही. साफ चुकलात. आता चार वाजता मी दूध घेऊन येते, तेव्हा क्लारापासून सुरुवात करा."