फुकटचं औषध

"ठेव माघारी ते!" सरकारी दवाखान्याच्या खिडकीसमोरच कृष्णात कडाडला. "फुकटचं औषध अंगाला लागतंय व्हय?"

बायडाबाईच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मागं रांग खोळंबली होती.

"अवो, समद्या म्हाताऱ्यास्नी देत्यात. कारखान्यात हुतासा तवा तिथलं फुकटच आणत हुतासा की!"

"त्ये माज्या घामाचं हुतं. ह्ये भिकंचं."

"भिकंचं कसलं? काडीपेटीवर बी कर भरतोय आपण!"

पण साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म गेलेल्या माणसाला कोण समजावणार? वैद्यासमोर नारळ ठेवल्याशिवाय पुडी उचलायची नाही, नाहीतर गुण येत नाही, असा त्याच्या वडिलांचा नेम होता. कृष्णातनं तोच धरला. गोळ्या परत गेल्या. बावड्यातल्या मेडिकलमधून तो चकचकीत पाकिटातल्या महागड्या गोळ्या आणू लागला. पेन्शन ती केवढी! त्यानं चहा सोडला, तंबाखू सोडली. हेकट माणसं माया कमी करतात असं थोडंच आहे?

बायडाबाईला ते सगळं दिसत होतं. पाकीट पुरावं म्हणून ती गोळी एक दिवसाआड घेऊ लागली. "घेतलीस?" असं त्यानं विचारलं की म्हणायची, "व्हय, घेतली की."

एका सकाळी भाकरी थापता थापता ती कलंडली. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

"गोळ्या रोज घेत होत्या ना, आजोबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कृष्णातनं पिशवीतून पाकिटं काढून दिली. केव्हाच संपायला हवी होती ती, पण निम्म्या गोळ्या तशाच होत्या.

"आता सरकारी दवाखान्यातून न्या. परवडत नाही म्हणून चुकवू नका. औषध हेच आहे, फक्त पाकीट वेगळं."

"ह्येच?"

"हेच."

त्यानं पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या एकेक करून मोजल्या.

बायडाबाईला घरी आणल्यावर तो त्याच रांगेत जाऊन उभा राहिला. मिळालेली गोळी त्यानं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे चमच्यात कुस्करली.

"तिथलीच हाय," तो म्हणाला.

बायडाबाईनं निमूट तोंड उघडलं. ओठाच्या कडेनं ओघळलेलं पाणी त्यानं टॉवेलनं पुसलं आणि वाट बघत बसला. या घरात त्याचा शब्द कधी बिनउत्तराचा सुटला नव्हता.

"भांड की गं," तो म्हणाला. "एकदा तरी भांड."