माझ्या पोटातली दुलई

मी सॅक बोलतेय. साठ लिटरची, करड्या रंगाची. माझा उजवा पट्टा एकदा शिवून झालाय आणि वरची चेन अडते तेव्हा शिव्या मलाच बसतात. आत्ता मी उत्तरेकडे निघालेल्या गाडीत, खालच्या बर्थखाली आडवी पडलेय. थकलेय हो. डोंगर अजून दोन दिवस लांब आहे आणि माझा अर्धा जीव नागपुरातल्या एका सातमजली जिन्यातच गेला.

माझा पहिला मालक स्वानंद. त्यानं मला हौसेनं घेतलं, एकदा हिमालयात नेलं आणि परत आल्यावर माळ्यावर टाकलं. माणसांची हौस तेवढीच टिकते, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या खेपेत पाहिलं ते विसरता येत नाही. आमच्या गटात एक धिप्पाड गृहस्थ होते. डोकं दुखतंय, श्वास पुरत नाही, हे त्यांनी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. चारचौघांत कमीपणा नको म्हणून. तिसऱ्या दिवशी चौघांनी त्यांना उचलून खाली नेलं. परतीच्या जीपमध्ये त्यांची सॅक माझ्या शेजारी होती, ते नव्हते. पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि सॅकला विचारता येत नाही.

मग स्वानंदनं मला त्याच्या ऑफिसातल्या भावनाला देऊन टाकलं. या पोरीला पंधरा हजार फुटांवरची एक खिंड चालून पार करायची होती. कॉलेजपासूनचं स्वप्न. तिची आई प्रेमिला मात्र एका अटीवर अडून बसली, बाप सोबत असेल तरच जायचं. बाप म्हणजे संघपाल, वय चोपन्न, हिंगण्याच्या कारखान्यात पाळीची नोकरी. रामटेकच्या पायऱ्यांपलीकडे काही चढलेला माणूस नव्हे. तरी तो लगेच येतो म्हणाला.

भावना कामाला पक्की. तिनं सहा महिन्यांचं वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, डॉक्टरांची तपासणी. संघपालनं कंपनीत झाली म्हणून सांगितलं आणि तिनं बापावर विश्वास ठेवला. त्याखाली बूट आधीपासून वापरून मऊ करणं, भरपूर पाणी पिणं, आणि आठवड्यातून चार दिवस पाठीवर वजन घेऊन जिना चढणं. नागपुरात चढ आणायचा कुठून? म्हणून बिल्डिंगचाच जिना. एक नियम तिनं लाल शाईनं लिहिला होता. चढताना बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की थांबायचं, आणि तसं सांगायचं.

वजन म्हणून माझ्या पोटात तूरडाळीच्या दोन थैल्या आल्या, पाच-पाच किलोच्या. भावना पहाटे आपल्या ऑफिसच्या बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरून चढायची. संघपाल पहिली पाळी करून आला की दुपारी मला घेऊन चढायचा, एकटा.

मी पाठीला चिकटलेली असते, त्यामुळे छातीत काय चाललंय ते मला सगळ्यांच्या आधी ऐकू येतं. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर त्याचा श्वास अडला. त्यानं कठडा धरला, छाती चोळली, इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. मी होते, पण मला कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवसापासून त्यानं युक्ती काढली. खाली चौकीदार लहानूच्या खुर्चीमागे डाळ काढून ठेवायची आणि माझ्या पोटात घरातली जुनी दुलई कोंबायची. लहानूनं एकदा विचारलं, "काहून काढून राहिले गा, संघपालभाऊ?" यानं पाठीचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मी दुलईनं टम्म फुगून मिरवत वर जायचे. तेवढ्यानंही त्याला चौथ्या मजल्यावर बसावं लागायचं. घरी पोचेपर्यंत तो घामानं निथळलेला असायचा आणि ऑफिसातून आल्यावर भावना त्याचा ओला सदरा पाहून वेळापत्रकावर खूण करायची. मे महिन्यात नागपुरात घाम यायला वजन लागत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही. मला माझीच लाज वाटायची. जीपमधली ती शेजारची, मालकाविना परतलेली सॅक रोज आठवायची.

निघायला वीस दिवस उरले होते. लहानूला लग्नासाठी सावनेरला जायचं होतं. जाताना त्यानं दोन्ही थैल्या वर आणून दिल्या. मी चार दिवस नाही, डाळीले मुंग्या लागतील, एवढंच म्हणाला. दार भावनानं उघडलं होतं. ती थैल्या घेऊन तशीच माझ्याकडे आली आणि चेन उघडली. चेन नेमकी तेव्हा अडली नाही.

दुलई हातात धरून ती बापासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "काहून केलं बाबा असं?"

संघपालनं तिच्या हातातली दुलई घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "मी नाही म्हटलं असतं, तर तुले तुझ्या आईनं जाऊ देलं नसतं."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच बंद झालेली निघाली. मी दवाखान्यात गेले ती त्याचे कपडे आणि गोळ्या घेऊन. मी तिथं त्याच्या पलंगाखाली पडून असतानाच खिंडीची तारीख निघून गेली. डॉक्टर म्हणाले, ही गोष्ट त्या उंचीवर कळली असती तर हातात काही राहिलं नसतं. प्रेमिला ते ऐकत होती. घरी आल्यावर तिनं पोरीला जवळ बसवलं. "माझ्या एका अटीपायी हा माणूस जिने चढून राहिला होता. तू जाय. पण तिकडं दम लागला त लपवू नको."

भावनानं सप्टेंबरमधल्या गटात नाव घातलं. या वेळी मला संघपालनं भरलं. गरम कपडे, पावसाचा कोट, औषधं, शिट्टी, आणि शेवटी वजनकाट्यावर उभं केलं. अकरा किलो. त्यात दुलई नव्हती.

स्टेशनवर भावना फलकावर गाडी शोधत होती, तेवढ्यात या माणसानं मला खांद्यावर घेतलं. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून बजावलं होतं, पण ऐकतो कोण? मी जड झाले, मला दुसरं काय येतं? पुलाच्या दहाव्या पायरीवर त्याचा श्वास ओळखीचा वाटायला लागला. मला वाटलं, आता हा कठडा धरेल आणि इकडंतिकडं पाहील.

तो थांबला. भर गर्दीत, लोक धक्के देत होते तरी थांबला.

"भावना, थांब वं. दम लागून राहिला मले."

इतके महिने त्याच्या पाठीवर काढले, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. भावना धावत आली, मला उतरवून तिनं आपल्या पाठीवर घेतलं. दोघं तिथंच पायरीवर टेकली, त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत.

म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच मागते. मला कितीही जड करा, माझे पट्टे तुटेपर्यंत भरा, मी कुरकुरणार नाही. पण दम लागला की सांगा. मला ऐकू येतं, पण सांगता येत नाही.