लिंकनच्या डोळ्याखालची भेग

मित्रांनो, मी एक जुनी लोंबती खुर्ची आहे. मला पाय नाहीत. एक फळी, चामड्याचे पट्टे आणि वर रहाटाला गुंडाळलेला पोलादी दोर, एवढाच माझा पसारा. पण अमेरिकेच्या ब्लॅक हिल्स डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरले गेले, तेव्हा त्यांना इतक्या जवळून मीच पाहिले.

माझ्यात ऑरविल टॉर्गरसन बसायचा. खाण बंद पडली म्हणून तो इथे आला होता. पहिल्या दिवशी खाली पाहताच त्याला घेरी आली आणि त्याने माझे पट्टे घट्ट धरले. वर्षभरात मात्र तो वॉशिंग्टनच्या नाकापाशी बसून शीळ घालू लागला.

"अरे, किती वेळ नाकात बसणार?" मुकादम लायल वरून ओरडायचा. "वॉशिंग्टनसाहेब शिंकले तर थेट शेजारच्या नेब्रास्का राज्यात जाऊन पडशील!"

मग लिंकनची पाळी आली. अनावरणाला आठच दिवस उरले असताना ऑरविलला डाव्या डोळ्याखाली केसाएवढी भेग दिसली.

"राहू दे," लायल म्हणाला. "खालून कुणाला दिसतंय?"

"माणसांना नाही दिसणार, पण पाण्याला दिसेल. थंडीत त्याचा बर्फ झाला की डोळा फुटेल."

"वेळ नाहीये, ऑरविल. वर ये!"

"नाही येत. उद्यापासून कामावर नको असेन तर तसं सांग. पण ही भेग बुजवल्याशिवाय मी हलणार नाही."

घरी त्याची तीन मुले होती आणि दुसरे काम कुठेच नव्हते. तरी तो भेगेतली धूळ खरवडू लागला.

मग शेजारी दुसरी खुर्ची उतरली. तिच्यात लायल होता. त्याने भेगेवरून बोट फिरवले, नख आत घातले आणि टोपी मागे सारली.

"गाढवा," तो हळूच म्हणाला, "हे कालच का नाही सांगितलंस?"

दोघांनी दगडाची भुकटी, रंगातला सफेदा आणि जवसाचे तेल कालवून दोन दिवस ती भेग भरली. अनावरणाला चेहऱ्यावरचा प्रचंड झेंडा सरकला आणि हजारो लोक उभे राहिले. ऑरविल सगळ्यांच्या मागे होता. त्याच्याकडे कुणी पाहिले नाही. तो मात्र डोळे पुसत होता.

काम संपले. मी एका कोठारात पडले आणि उंदरांनी माझे चामडे कुरतडले. आता मला संग्रहालयात काचेमागे ठेवले आहे. मुले विचारतात, "हा झोपाळा आहे का?" मला राग येत नाही.

मित्रांनो, आजही दर शरद ऋतूत माणसे दोराला लोंबकळून त्या चेहऱ्यांवरच्या भेगा शोधतात. थोरांचे स्मारक एकदा उभारले की संपले, असे होत नाही. ते रोज सांभाळावे लागते, आणि सांभाळणाऱ्याचे नाव कुठेही कोरलेले नसते. म्हणून पुढच्या वेळी स्मारकापुढे हात जोडाल, तेव्हा ते सांभाळणाऱ्यांसाठीही क्षणभर थांबा.