न्यायाधीशांची खुर्ची

"तुम्हाला काय हवंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि न्यायाधीश उत्तर देऊन मोकळे झाले. "उपचार करायचेत. सगळे."

"मी त्यांना विचारलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या न्यायाधीशांच्या बायकोकडे बघत होत्या.

न्यायाधीश काही खरे न्यायाधीश नव्हते. चौकात त्यांचं सलून होतं आणि हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. एकदा गळ्याभोवती कापड बांधलं की निकाल त्यांचा, वर अपील नाही. 'जरा लांब ठेवा' म्हणणाऱ्याचं डोकं ते मुकाट्याने खाली वाकवत आणि कात्री चालवू लागत. हात असा की उठताना माणूस आरशात बघून खूशच व्हायचा. हल्ली मात्र पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येऊ लागली होती. समोरच्या नव्या दुकानात तर कापायच्या आधी गिऱ्हाइकाची मुलाखतच घेत. "डोकं त्याचं, पण बघायचं कुणाला? आपल्याला," असं म्हणत न्यायाधीश रिकाम्या खुर्चीवरचं कापड झटकत.

घरातही हाच कायदा होता. भिंतींचा रंग, लेकीची शाळा, बायकोच्या चष्म्याची फ्रेम, सगळं त्यांनी ठरवलेलं. माणूस वाईट नव्हता, निवडायचे ते चांगलंच. बायकोची वेणी कमरेखाली जायची, तिचा त्यांना कोण अभिमान. लग्नानंतर लगेच तिने एकदा विचारलं होतं, खांद्यापर्यंत कापून द्याल का. "भलतंच काय," ते म्हणाले, आणि विषय संपला. लेकीने मात्र नोकरी, गाव, नवरा, सगळं आपलं आपण निवडलं. त्यावरून बापलेकीत अबोला झाला, तोही आईनेच मध्ये पडून सोडवला.

आता बायकोचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. सलाईनमधून औषध देता येईल, कदाचित काही महिने वाढतील. पण उलट्या होतील, केस जातील, दवाखान्यातच फार राहावं लागेल. नाहीतर घरी राहायचं आणि फक्त दुखणं थांबवायचं. निवड तिची. न्यायाधीशांना राग आला. पूर्वीचे डॉक्टर कसे, हे घ्या म्हणाले की माणूस घेई. एवढं शिकून शेवटी पेशंटलाच विचारायचं?

"उद्या सांगते," बायको म्हणाली.

घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला, आईला समजाव म्हणाले. लेक बराच वेळ रडत होती. मग म्हणाली, "बाबा, मलाही ती हवीय. पण या वेळी तिला ठरवू द्या."

सकाळी चहाचा कप खाली ठेवून बायकोने सांगितलं, "मला ते औषध नको."

"केसांसाठी ना?" न्यायाधीशांना बोलायला जागा सापडली. "अगं, केस काय, परत येतात. हे मी नाही तर कोण सांगणार तुला?"

ती हसली. "केसांसाठी? अहो, ते तर तुमचे. मी नुसते सांभाळले."

तिला घरी राहायचं होतं, खिडकीजवळच्या पलंगावर. एवढंच तिचं मागणं.

"आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला जड जाईल. माहीत आहे मला."

आता फक्त 'भलतंच काय' म्हणायचा अवकाश होता. ती पदर सावरून निमूटपणे दवाखान्यात आली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शब्द ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोसमोर रडले.

"सुट्टीच्या दिवशी मला दुकानात न्याल?" तिने विचारलं.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी अर्धंच शटर उघडलं आणि तिला हात धरून खुर्चीत बसवलं. ती इतकी हलकी झाली होती की खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. त्यांनी धुतलेलं कापड तिच्या गळ्याभोवती बांधलं, वेणी सोडली, केस विंचरले. आरशात ती दिसत होती, मागे ते. हात सवयीने कात्रीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

तिने आरशात बघत मान जराशी डावीकडे केली, जराशी उजवीकडे. बोट कानाच्या पाळीखाली टेकवलं. मग हनुवटीपाशी नेलं.

"थांबा हं," ती म्हणाली. "मला बघू दे अजून."

"घाई नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि कात्री मिटून तिच्या मागे उभे राहिले.